देवगिरीचा गाईड : पैसे वसूल, फक्त चिनी महालापाशी वेळ राखून ठेवा

देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, गाईड घ्यावा का, असं आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतच असतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. घ्यावा. पण गाडीचं दार उघडायच्या आत खिडकीत तोंड घालून ‘साब, शॉर्टमध्ये दाखवतो’ म्हणणारा घेऊ नये. किल्ला शॉर्टमध्ये दाखवणारा माणूस तुम्हाला तोफ दाखवतो, मिनार दाखवतो आणि रसवंतीवर आणून सोडतो. आम्हाला भेटले ते गृहस्थ तिकीटखिडकीच्या बाजूला गप उभे होते. नाव छापू नका म्हणाले, धंद्यातले बाकीचे डोक्यात राख घालतात. म्हणून नाव देत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे शेरा कोण मारतंय ते कळेल. मी पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. गाव उदगीरकडचं, त्यामुळे बुरूज बघून हुरळून जाणारा मी नव्हे; पोरपणी आमचा खेळच किल्ल्याच्या खंदकात चालायचा. सोबत मंडळी होती, म्हणजे आमची सौभाग्यवती, संभाजीनगरला खंडपीठात वकिली करणारा भाचा, त्याची बायको आणि सातवीतली पोरगी. भाच्याचा निम्मा धंदा पॅरोल आणि फर्लोच्या, म्हणजे कैद्याला ठरावीक दिवस घरी सोडण्याच्या, अर्जांचा. जेलनं अर्ज फेटाळला की कैद्याचे नातेवाईक याच्याकडं येतात. हे सांगायचं कारण असं, की त्या दिवशी किल्ल्यावर जे भांडण झालं त्याचं मूळ त्यात आहे, आणि ते भांडण लावून दिलं या गाईडनंच. मी तर म्हणेन त्यांच्या पैशातला अर्धा मोबदला त्या भांडणाचा आहे.

सुरुवात बघा. गाईडनं पैसे ठरवले, पाच जणांचे मिळून आठशे, आणि लगेच आमच्या पायांकडं बघितलं. भाचेसुनेच्या पायात चपला होत्या. ‘ताई, अंधारीत, म्हणजे वरच्या काळोख्या भुयारात, ह्या घसरतील. गाडीत बूट असले तर घालून या, आम्ही थांबतो.’ सौभाग्यवतीला विचारलं, गुडघे कसे आहेत. तिनं खरं सांगितल्यावर, कुठल्या टप्प्यावर बसायला सावली आहे आणि कुठून माघारी फिरलं तरी किल्ला बघितल्यासारखा होतो, ते आधीच सांगून टाकलं. नोकरीत मी नव्या लेफ्टनंटांना हेच शिकवायचा प्रयत्न करायचो. माणसं मोजायच्या आधी बूट बघा.

चाल संथ. मी दोनदा पुढं झालो तर म्हणाले, ‘घाई नका करू साहेब, किल्ला कुठं पळून जाऊ राह्यला?’ महाकोटाचे दरवाजे एकामागोमाग एक असे वाकडे का ठेवलेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दारांवर खिळे कसे मारलेत, हे त्यांनी हातवारे न करता सांगितलं. हत्ती हौदापाशी फार वेळ घालवला नाही. चांद मिनाराचं तर दोन वाक्यांत उरकलं, बहमनी काळातला आहे, आत चढू देत नाहीत, चला. मला हे आवडलं. जिथं सांगण्यासारखं नाही तिथं पाणी घालून वाढवत नाहीत.

खरं काम भारतमाता मंदिरात. तिथले खांब यादवांच्या काळातल्या देवळांचे, मग तिथं मशीद झाली, आणि हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शननंतर भारतमाता बसली. त्या खांबांच्या सावलीत त्यांनी आम्हाला बसवलं आणि रामदेवराय काढला. ज्याच्या राज्यात ज्ञानोबा माऊली नांदले, तोच हा रामदेवराय. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला तेव्हा मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवरायानं किल्ल्याचा आसरा घेतला, आणि गोण्या उघडल्या तर धान्याऐवजी मीठ. ही मिठाची गोष्ट मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते आणि गाईडनंही ती साक्षात बघितल्यासारखी सांगितली. ‘असं म्हणतात’ एवढे दोन शब्द घातले असते तर बरं झालं असतं. असो. राजानं खंडणी कबूल करून तह केला. तेवढ्यात शंकरदेव फौज घेऊन परतला, बापाचा निरोप धुडकावून लढला, हरला, आणि खंडणी कितीतरी वाढली.

इथं ते थांबले आणि पोरीकडं वळले. ‘बाळा, बापानं शब्द दिला, पोरगा लढला. शब्द मोडला कुणी?’

पोरगी म्हणाली, ‘पोरानं तर दिलाच नव्हता.’

‘हां,’ म्हणाले, ‘हे धरून ठेव. वर गेल्यावर कामाला येईल.’

पुढची गोष्ट १३०७ ची. खंडणी थकली म्हणून मलिक काफूर आला, रामदेवराय पकडला गेला आणि त्याला दिल्लीला नेलं. आता युद्धात हरलेला, बंडखोर ठरलेला राजा. त्या जमान्यात त्याचं काय व्हायचं ते सांगायला नको. पण अल्लाउद्दीननं त्याला मारलं नाही. उलट छत्र दिलं, ‘राय-ए-रायान’ किताब दिला, लाखभर टंक, म्हणजे नाणी, दिली, वर नवसारीचा मुलूख दिला आणि परत ह्याच गादीवर आणून बसवला. आणि रामदेवरायानं मरेपर्यंत शब्द पाळला. काफूरच्या फौजा वरंगळवर गेल्या, पुढं होयसळांच्या द्वारसमुद्रावर गेल्या, तेव्हा त्यांना रसद आणि वाटाडे देवगिरीनं पुरवले.

आमच्या भाषेत याला युद्धकैद्याला पॅरोलवर सोडणं म्हणतात. हत्यार खाली ठेवलेल्या माणसाकडून शब्द घ्यायचा, की पुन्हा तुमच्याविरुद्ध उभा राहणार नाही, आणि त्याला घरी जाऊ द्यायचं. युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अफसर लोकांमध्ये हे सर्रास चालायचं. १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवालिस, जो पुढं आपल्याकडं गव्हर्नर जनरल म्हणून आला, तोही असाच शब्दावर सुटलेला.

तिथं मी गाईडला अडवलं. म्हटलं, अल्लाउद्दीनचं मोठं मन वगैरे सांगू नका, हिशोब सांगा. दिल्लीहून इथपर्यंत कायमची फौज ठेवायची म्हणजे दाणागोटा, घोडी, पगार, आणि सुभेदार फितूर होण्याची धास्ती. त्यापेक्षा इथलाच राजा, इथलेच कारकून, इथलाच बाजार, आणि दक्षिणेच्या मोहिमेला आयता तळ. लाख टंकांत एवढं मिळत असेल तर सौदा स्वस्तच. गाईड हसले, म्हणाले, ‘साहेब, तुम्ही फौजेतले दिसू राह्यले.’ पण नुसतं हसून सोडलं नाही. विचारलं, मग रामदेवरायानं चूक केली का? मी म्हटलं, घरी बसायचा शब्द देणं वेगळं आणि पकडणाऱ्याच्या फौजेला शेजाऱ्याच्या घराची वाट दाखवायचा शब्द देणं वेगळं. पहिला शब्द शिपाई देऊ शकतो. दुसरा दिला की तो कैदी राहत नाही, चाकर होतो. यावर सौभाग्यवती पहिल्यांदाच बोलली, ‘त्याला घरी परत यायचं होतं, एवढंच असेल.’ त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

रामदेवराय गेल्यावर काय झालं ते माहीत आहे. शंकरदेवानं दिल्लीला जुमानलं नाही, १३१३ मध्ये काफूर पुन्हा आला आणि त्याला मारलं. मग रामदेवरायाचा जावई हरपालदेव उठला, त्याची तर कातडी सोलली. म्हणजे अल्लाउद्दीननं जो शब्द लाख टंकांना घेतला तो राज्याचा नव्हताच, एका म्हाताऱ्याचा होता, आणि म्हाताऱ्याबरोबर संपला.

मग चिनी महाल. इथं वेळ राखून ठेवा असं मी मथळ्यात लिहिलंय ते उगाच नाही. लोक येतात, छत पडलेली दुमजली इमारत बघतात आणि तोफेकडं पळतात. आमच्या गाईडनं आम्हाला समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभं केलं आणि मान वर करायला लावली. एका पट्ट्यात निळ्या चकाकत्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. काही अख्खे, काही निम्मे, मधेच नुसता चुना आणि त्यात फरशीचा बसलेला ठसा. ऊन तिरपं पडलं की तो निळा रंग नुकताच धुतल्यासारखा दिसतो. पोरीनं हात वर केला तर लगेच म्हणाले, ‘लांबूनच बेटा, जेवढ्या हातांनी शिवलं तेवढ्या गेल्या.’

या निळ्या फरशांच्या महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन, ज्याला लोक तानाशहा म्हणतात, तो कैदेत होता. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ साली गोवळकोंडा पडला, तोही लढून नाही, आतल्यानंच दरवाजा उघडला म्हणून. औरंगजेबानं त्याला इथं आणून ठेवलं आणि १६९९ साली तो कैदेतच गेला. जवळच खुलताबादला त्याला पुरलं. बारा वर्षं. छळ नाही, साखळदंड नाही, खायला-प्यायला राजासारखं. फक्त दार बंद.

गाईडचा प्रश्न असा: ‘अल्लाउद्दीननं सोडला, त्याचं साधलं. आलमगीरनं, म्हणजे औरंगजेबानं, नाही सोडला. का? सोडला असता तर?’

हा प्रश्न ते प्रत्येक पार्टीला विचारत असणार, पाठ झालेला आहे हे कळतं. पण उत्तर स्वतः देत नाहीत, आणि माझ्या लेखी गाईड आणि टेपरेकॉर्डर यांतला फरक तो हाच. भाचा म्हणाला, सोडायला हवं होतं. माणूस काही लढवय्या नव्हता, गाण्या-बजावण्यातला. मी म्हटलं, त्याच्या लढण्या न लढण्याचा प्रश्नच नाही. १६७७ साली शिवाजी महाराज गोवळकोंड्याला जाऊन याच अबुल हसनशी मैत्रीचा करार करून आले होते. गोवळकोंडा पडल्यानंतर दोनच वर्षांत राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि दक्षिण पेटली. अशा वेळी जुना सुलतान मोकळा असता तर त्यानं तोंडातून शब्द काढला नसता तरी त्याच्या नावानं कुणीही झेंडा उभारला असता. माणूस स्वतः प्रामाणिक असला तरी त्याचं नाव दुसऱ्याच्या कामाला येतं. राजाला पॅरोलवर सोडण्यात ही मोठी अडचण. सुभेदाराला सोडा, सुभेदाराच्या नावानं कोण बंड करणार?

गाईडनं तिथंच अब्दुर रझ्झाक लारीची पुरवणी जोडली. गोवळकोंड्याचा हा सरदार फितुरीच्या रात्री जवळजवळ एकटा दारात लढला आणि जखमांनी चाळण होऊन पडला. औरंगजेबानं त्याला मारायच्या ऐवजी वैद्य-हकीम लावून बरं केलं, मग चाकरी देऊ केली. आधी त्यानं नाकारली, पुढं घेतली. म्हणजे राजाला कोंडलं आणि सरदाराला सोडलं. आलमगीरबद्दल मराठी माणसाचं मत काय ते सांगायला नको, पण कैद्यांची निवड करण्यात त्याची नजर पक्की होती.

मेंढा तोफ, खंदक, पूल हे सगळं ठीक. अंधारी मात्र गाईडशिवाय करू नका. टॉर्च बंद करून त्यांनी आम्हाला काही क्षण तसंच उभं ठेवलं. वटवाघळांचा वास नाकात जातो, पायरीची उंची दर वेळी वेगळी, आणि उजेड दिसतो तिकडं गेलं की खाली खंदक. पोरगी घाबरली नाही, वकीलसाहेब घाबरले.

वर बारादरीला वारा चांगला. तिथं भांडण पेटलं.

भाच्याचं म्हणणं असं. ‘मामा, खून करून जन्मठेप भोगणाऱ्या माणसाला आम्ही आई आजारी आहे म्हणून पॅरोलवर घरी पाठवतो. माझ्या बघण्यातले बहुतेक जण वेळेवर परत येतात. पैठणच्या खुल्या कारागृहात तर कैदी शेती करतात. आणि तुमचा युद्धकैदी कोण? त्यानं गुन्हा तर केलेलाच नाही. सरकारनं पाठवलं म्हणून लढला. मग त्याला कोंडून ठेवायचं कुठल्या नीतीनं?’

वकिलाला शोभेल असा मुद्दा, आणि खोटा नाही. युद्धकैद्याला ठेवतात ती शिक्षा नव्हेच. त्याला फक्त लढाईतून बाजूला ठेवायचं असतं. तेवढंच काम त्याच्या शब्दानं होत असेल तर तारेचं कुंपण कशाला?

मी विचारलं, तुझ्या कैद्याचा जामीनदार कोण? म्हणाला, भाऊ, मेहुणा, कुणीतरी. बाँड लिहून देतात. ठाण्यात हजेरी असते. उशिरा आला तर माफीचे दिवस कापतात, वर गुन्हा वेगळा, आणि पुढच्या वेळी अर्ज केराच्या टोपलीत. म्हटलं, बरोबर. म्हणजे तो जिथं जातो तिथलं ठाणंही तुझ्याच सरकारचं. माझा युद्धकैदी जातो तो शत्रूच्या मुलखात. तिथलं ठाणं त्याला हजेरी लावत नाही, उलट विचारतं, काय रे, बंदूक परत कधी घेतोस? त्याचा जामीनदार म्हणजे शत्रूचं सरकार. ते सरकार नीट असलं तर पॅरोल चालतो, नाहीतर तो नुसता कागद.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांत, १८९९ च्या आणि १९०७ च्या दोन्हींत, हेच लिहिलंय. कैद्याच्या देशाच्या कायद्याला मान्य असेल तरच त्याला शब्दावर सोडता येतं, आणि सोडला तर त्याच्या स्वतःच्या सरकारनं त्याच्याकडून शब्द मोडायला लावणारी चाकरी मागायची नाही, त्यानं स्वतः देऊ केली तरी घ्यायची नाही. शिवाय कुणावर पॅरोल लादायचा नाही. शब्द मोडून पुन्हा हत्यारासकट सापडला तर युद्धकैद्याचा मान गेला. त्याआधी १८६३ साली अमेरिकी यादवीत लिंकनच्या फौजेसाठी जे नियम छापले त्यांत तर अशाला मृत्युदंड होता. जिनेव्हाच्या १९४९ च्या तिसऱ्या कराराच्या २१ व्या कलमात पॅरोलची सोय आजही जिवंत आहे. युनिटमध्ये जिनेव्हाचा तास व्हायचा तेव्हा आम्हाला मुख्यतः १७ वं कलम घोटवलेलं, म्हणजे नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख, बाकी तोंड बंद. २१ व्याबद्दल कुणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

भाच्यानं मोबाईल काढला. वर रेंज चांगली येते, हेही नोंदवून ठेवा. म्हणाला, ‘मग ग्रँटनं व्हिक्सबर्गला काय केलं?’ जुलै १८६३, त्याच अमेरिकी यादवीत मिसिसिपी नदीवरचं दक्षिणेकडच्या बंडखोरांचं हे शहर पडलं आणि उत्तरेचा जनरल ग्रँट याच्या हातात तीस हजारांच्या आसपास माणसं एकदम आली. एवढ्यांना बोटींत घालून उत्तरेला न्यायचं म्हणजे सगळी गलबतं त्यातच अडकणार. त्यानं एकेकाची सही घेतली आणि घरी जा म्हणाला. त्याचा अंदाज, हरलेली, उपाशी माणसं गावोगाव जाऊन पराभवाची बातमीच पसरवतील. ‘माणुसकीपण आणि सोयपण,’ भाचा म्हणाला.

म्हटलं, पुढचं वाच. दक्षिणेच्या सरकारनं त्यांतल्या पुष्कळांची अदलाबदल झाल्याचं, म्हणजे ते शब्दातून मोकळे झाल्याचं, परस्पर जाहीर करून टाकलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटनूगाला ग्रँटच्याच फौजेसमोर त्यांतले काही पुन्हा उभे. शब्द शिपायांनी दिला होता, तो मोडला सरकारनं. शिपाई बिचारा काय करणार? घरी बसला तर आपल्यांच्या हिशेबी पळपुटा, बंदूक उचलली तर समोरच्यांच्या हिशेबी बेइमान. पॅरोलमधला नीतीचा प्रश्न मला दिसतो तो इथं. सोडणारा मोठेपणा मिरवतो, आणि दोन सरकारांच्या मधे सापडतो सही करणारा.

उलटीही गंमत आहे. त्याच युद्धात उत्तरेचे शिपाई मुद्दाम मागं रेंगाळून पकडले जायला लागले, कारण पकडलं की पॅरोल आणि पॅरोल म्हणजे घर. शेवटी त्यांच्याच सरकारनं सुटून आलेल्या आपल्याच माणसांसाठी अ‍ॅनापोलिसला वगैरे छावण्या उघडल्या, घरी जाऊ दिलं नाही. कुठल्याही कंपनी हवालदाराला विचारा, रजेची अशी वाट सापडली तर किती जण रांगेत उभे राहतील. अमेरिकेनं १९५५ साली आपल्या फौजेसाठी जी आचारसंहिता केली तिच्यात सरळ लिहून टाकलं, शत्रूकडून पॅरोल घेणार नाही.

इतका वेळ गाईड गप ऐकत होते. पाण्याची बाटली बंद करत म्हणाले, ‘साहेब, लांबचं कशाला? वडगाव घ्या. खर्डा घ्या.’ आणि मी मनात त्यांना आणखी अर्धा तारा दिला.

वडगाव म्हणजे जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रजांची फौज महादजी शिंद्यांनी कोंडली, तह लिहून घेतला, दोन गोरे ओलीस ठेवले आणि फौज जाऊ दिली. फौज मुंबईला पोचली आणि कंपनी सरकार म्हणालं, तह आम्हाला मंजूर नाही, ज्यांनी केला त्यांना अधिकारच नव्हता. म्हणजे पुन्हा तेच. सही एकाची, मान्यता दुसऱ्याची. खर्डा तर आमच्या बीड-धाराशिवच्या हद्दीला खेटून. मार्च १७९५ ला निजाम हरला आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याला ओलीस आला. सवाई माधवराव गेल्यावर पुण्यात गादीची भांडणं लागली, तर हा ओलीस माणूसच सगळ्यांना हवासा झाला. नाना फडणविसांनी निजामाची मदत मिळवायला त्याच्याशीच बोलणी केली आणि खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं परत देण्याचं कबूल केलं. कैदी घरात ठेवला म्हणून तो कैदीच राहतो असं नाही, एवढं भाच्याच्या बाजूनं म्हणता येईल. कोंडून ठेवणं हाही काही पक्का बंदोबस्त नव्हे.

भाच्याला जोर चढला. म्हणाला, ‘आणि १९७१? त्र्याण्णव हजार. त्यांना कितीतरी महिने पोसलं आपण.’ खरं आहे. डिसेंबर ७१ मध्ये शरण आले, सिमला करार ७२ च्या जुलैत, दिल्ली करार ७३ च्या ऑगस्टात, शेवटची तुकडी घरी गेली ७४ च्या एप्रिलमध्ये. ते त्र्याण्णव हजार धरताना सिव्हिलियनही त्यात होते. त्यांचं राशन, पांघरूण, दवाखाना, पत्रव्यवहार सगळं आपल्या माथी, कारण पकडणाऱ्यानं पोसायचं हा जिनेव्हाचा नियम. आमचे जुने साहेब लोक सांगायचे, काही ठिकाणी कैद्यांना बराकी देऊन आपली माणसं तंबूत राहिली. पण शब्दावर सोडायचं तर तो शब्द कुणाला बांधणार होता? ज्या सरकारशी नुकतीच लढाई झाली त्याला? तिथं करारच लागतो. शिपायाची सही पुरत नाही.

मग सौभाग्यवतीनं विचारलं, ‘एकालाही सोडू नये म्हणता का?’ नाही, तसं नाही म्हणत. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट कॅम्पबेल नावाचा इंग्रज कॅप्टन जर्मनांच्या कैदेत होता. आई मरणाला टेकल्याचं कळलं, त्यानं थेट कैसरला पत्र लिहिलं. कैसरनं १९१६ च्या नोव्हेंबरात त्याला घरी जाऊ दिलं, परत यायच्या शब्दावर. गडी आईला भेटून खरंच परत आला आणि छावणीत हजर झाला. नंतर भुयार खणून पळायला गेला आणि हॉलंडच्या सरहद्दीवर पकडला गेला, तो भाग वेगळा. पळणार नाही असा शब्द त्यानं दिलाच नव्हता. पण ब्रिटननं अशीच एका जर्मन कैद्याची विनंती आली तेव्हा नकार दिला. पॅरोल एकतर्फी चालत नाही, तो टिकायला दोन्हीकडं कैसर लागतो.

माझं मत विचाराल तर आजारी, जखमी, म्हातारा, डॉक्टर, आई-बाप मरणाला टेकलेला, यांना सोडा. डोळे झाकून सोडा आणि दोन टक्के परत आले नाहीत तरी रडू नका. बंदूक चालवू शकणारा धडधाकट जवान शब्दावर सोडू नका, आणि आपण सापडलो तर असा शब्द देऊ नका. बेइमानी होईल ही भीती दुय्यम. तो शब्द पाळणं आपल्या हातात राहत नाही, हे खरं कारण. भाच्याला हे पटलं नाही. खाली उतरेपर्यंत त्याचा युक्तिवाद चालू होता, आणि रसवंतीवरही चालू होता.

आता उणं. एक, बारादरीच्या वर, अगदी माथ्यावरच्या तोफेपर्यंत, गाईड आपणहून नेत नाहीत. सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर चेहऱ्यावर कळतं. दोन, मेंढा तोफेचा पल्ला त्यांनी जो सांगितला तो ऐकून तोफखान्यातला माणूस हसेल. तीन, हेमाडपंताबद्दल अवाक्षर नाही, यादवांचा एवढा कर्तबगार कारभारी असून. चार, फोनवर ठरवता येत नाही. तिथं गेल्यावर असले तर असले. त्याच दिवशी आमच्या पुढं चाललेल्या एका कुटुंबाच्या गाईडनं स्पीकर लावून सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल अशी शायरी म्हटली, त्याच्या मानानं हे सगळं माफ.

पैशांच्या बाबतीत चोख. ठरले त्यावर एक रुपया मागितला नाही, मी वर द्यायला गेलो तर चहा घेतला फक्त. पाचपैकी साडेचार. माथ्यापर्यंत आपणहून नेलं असतं तर पूर्ण दिले असते.

जाणाऱ्यांसाठी: पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, गाईडच्या पैशांत धरू नका. सकाळी लवकर पोचा, उन्हं चढल्यावर कातळ तापतो. पाणी खालूनच घ्या, तोफेच्या पुढं विकत मिळत नाही. हातात पिशवी दिसली की वानरं सोडत नाहीत, खाण्याचं सामान गाडीतच ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी खंदकाच्या पुलापर्यंत यावं आणि चिनी महालात निवांत बसावं. दिवाळीच्या आसपास गेलात तर पायथ्याशी सीताफळं मिळतात. भाव करून घ्या, पहिला सांगतात तो देऊ नका. आणि सोबत वकील नेणार असाल तर जेवण आधी उरकून घ्या.